मसूरची बैलगाडी आणि फुकटचे इंटरनेट

१९०१ सालची गोष्ट. सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. सुट्टीत वडिलांना भेटण्यासाठी लहानगा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे लेवून निघाली. साताऱ्याला त्यांनी रीतसर तिकिटे काढली, आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली आणि मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे देऊ करूनही गाडीवान तयार होईनात. अखेर तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने शेजारून पायी चालायचे.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि आपल्या घराघरांत तो वाचला जातो. मध्यंतरी मंगाफ येथे शुक्रवारच्या अभ्यासवर्गात त्याचे वाचन झाले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘काका, रेल्वेने तिकीट दिले, तर मग बैलगाडीवाल्याने का नाही बसवले?’’ बसलेल्या मंडळींनी जातिव्यवस्थेविषयी जे सांगायचे ते सांगितले. पण तिचा प्रश्न तेवढ्यावर मिटण्यासारखा नव्हता. एकाच दिवशी, त्याच मुलांना, एका वाहनाने नेले आणि दुसऱ्याने नाकारले, हे कसे? रेल्वेच्या डब्यात काही समता नांदत नव्हती. कित्येक स्टेशनांवर पाणीसुद्धा हिंदूंचे वेगळे आणि मुसलमानांचे वेगळे असे. तरीही तिकीट खिडकीवरच्या बाबूला तिकीट नाकारता येत नव्हते, कारण रेल्वे कायद्याने बांधलेली होती. १८९० च्या रेल्वे कायद्याने कोणाही व्यक्तीला अथवा कोणत्याही मालाला अवाजवी झुकते माप देण्यास आणि कोणाची अवाजवी अडवणूक करण्यास मनाई केली होती. गाडीवानावर असा कायदा नव्हता. निदान त्याला तो ठाऊक नव्हता. गाडी त्याची, बैल त्याचे, म्हणून कोणाला बसवायचे हेही त्यानेच ठरवायचे.

आम्ही व्यवसायाने संगणक अभियंते. त्या मुलीचा प्रश्न ऐकताना आम्हांला आमच्या धंद्यातला एक वाद आठवला. त्याला इंग्रजीत नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात आणि मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘इंटरनेट समानता’ असे नाव दिले. हे नाव टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ साली रूढ केले, पण त्यामागचा प्रश्न मसूरच्या स्टेशनाबाहेर आपल्या लोकांनी फार आधी सोसला होता. त्या वादाचा, विशेषतः २०१५-१६ मध्ये भारतात तो कसा लढला गेला याचा इतिहास, आखातात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी मांडावा असे वाटले.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. आपण फोनवरून काहीही पाठवले, मग तो बाळाचा फोटो असो वा पीडीएफ, तरी त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतली यंत्रे तो पत्ता पाहून पॅकेट पुढे ढकलतात. पोस्टातले बटवड्याचे कामच म्हणा. पत्त्यापलीकडे आत काय आहे, ते कोणत्या कंपनीचे आहे, हे पाहण्याची या यंत्रांना गरज नसते. पण गरज नसली तरी आज तशी सोय आहे. पॅकेटाच्या आत डोकावून हा व्हिडिओ, हा इंटरनेटवरचा फोन, हे अमक्या कंपनीचे अ‍ॅप असे ओळखणारी यंत्रे बाजारात मिळतात. एकदा ओळखता आले, की मग टेलिकॉम कंपनीला तीन गोष्टी करता येतात : ते पॅकेट रोखता येते, मंद करता येते, अथवा त्याचा दर वेगळा लावता येतो. वेगळा दर म्हणजे कधी जास्त, आणि कधी शून्य. हा शून्य दरच सर्वांत गोड दिसतो. भारतातला खरा झगडा त्याच्यावरच झाला.

तारांच्या जमान्यातही हा प्रश्न होता. १८६० साली अमेरिकेच्या काँग्रेसने पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार टाकण्याचा जो कायदा केला, त्यात असे बंधन घातले की तारा ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, निःपक्षपातीपणे पाठवल्या जाव्यात. असे बंधन घालण्याची वेळ का येते, हे पुढच्या इतिहासाने दाखवले. वेस्टर्न युनियन ही तारकंपनी आणि असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था यांनी एकमेकांशी संधान बांधले, तेव्हा तार कोणाची आणि बातमी कोणाची हे दोन प्रश्न एकाच हाती गेले.

आपल्याकडे हे दार तारेआधी छापखान्याशी उभे होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. जाहिरातीचे पैसे देऊ केले होते, हे वाचकांनी विसरू नये. मसूरला दुप्पट भाडे देऊ केले होते, तसेच हे. दाम मोजायला तयार असलेल्या माणसालाही वाट नाकारली जाऊ शकते, हा आपला जुना अनुभव आहे. ‘बाजार सगळ्यांना सारखा वागवतो’ हे वाक्य आमच्या क्षेत्रात वारंवार ऐकू येते, तेव्हा आम्हांला म्हणूनच ते पटत नाही. पंचवीस वर्षांनी, १९४५ साली, काँग्रेस आणि गांधी यांच्याविषयीच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी परदेशी वाचकाला उद्देशून तक्रार केली की, अस्पृश्यांना स्वतःची वृत्तपत्रे नाहीत आणि भारतात बातम्या वाटणारी प्रमुख संस्था ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडून आमची बाजू जगापुढे येण्याची आशा नाही. बातमी घडत होती, लिहिणारेही होते. अडत होती ती वाहून नेणाऱ्याच्या दारात.

महाडचा इतिहास सर्वांना तोंडपाठ असल्यामुळे त्यातला एकच धागा येथे घेतो. सीताराम केशव बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सरकारी खर्चाने बांधलेली अथवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत तिथे कोणी ओंजळ भरू शकले नाही. त्यानंतर जो दावा चालला, त्यात सनातन्यांचा युक्तिवाद असा होता की हे तळे सर्वांचे नाहीच. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची फार जुनी रूढी येथे चालत आली आहे. दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध होत नाही असा निकाल दिला. म्हणजे सगळा वाद एका प्रश्नाभोवती फिरत होता : पाणी कोणाचे? पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेऊन भेदभावास बंदी घातली गेली, आणि त्यांच्याबरोबर दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणेही आली. दुकान तर खाजगीच असते. पण जे सर्वांसाठी उघडले आहे, त्याचा मालक दारात उभा राहून माणसे निवडू शकत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. मोबाइलचे जाळे याच लहरींवर चालते. कंपनी परवाना घेऊन त्या वापरते. तळे तिचे होत नाही.

आता मुख्य कथेकडे येऊ. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या फोनसाठी वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले आणि लोकक्षोभ झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतले. आखातातल्या ज्या घरांचा सारा जीव त्या फोनमध्ये अडकलेला असतो, त्यांनी याचा अर्थ ताबडतोब ओळखला होता. १० फेब्रुवारी २०१५ रोजी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग ही योजना सहा राज्यांत सुरू केली. त्यांत महाराष्ट्र होता आणि योजनेच्या भाषांत मराठीही होती. तीसहून अधिक संकेतस्थळे फुकट. बाकीचे इंटरनेट पाहायचे तर पैसे. मार्चअखेर ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, या विषयावर सल्लामसलतीचा मसुदा काढला. एप्रिलमध्ये एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ आणले : कंपनीने टेलिकॉमला पैसे द्यायचे आणि ग्राहकाला त्या कंपनीचे अ‍ॅप फुकट. त्यावर असा गदारोळ झाला की फ्लिपकार्टने १४ एप्रिल रोजी त्यातून अंग काढून घेतले. तारखेचा हा निव्वळ योगायोग. आम्ही त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत होतो आणि बातमी रात्री घरी आल्यावर वाचली. त्याच महिन्यात ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. क्लिअरट्रिप आणि एनडीटीव्ही यांनी इंटरनेट डॉट ऑर्गमधून माघार घेतली.

सप्टेंबरात फेसबुकने योजनेचे नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ केले आणि कोणीही संकेतस्थळ त्यात सामील होऊ शकेल असे सांगितले. अट एवढीच की फेसबुकचे तांत्रिक नियम पाळले पाहिजेत. हे नियम आम्ही त्या वेळी बारकाईने वाचले होते. व्हिडिओ नको, इंटरनेटवरचा फोन नको, मोठ्या फायली नकोत. आणि सगळी ये-जा फेसबुकच्या यंत्रांमधून. यांतील काही अटी जुन्या फोनांच्या आणि मंद जाळ्याच्या दृष्टीने समजण्यासारख्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांचा आपल्यावर काय परिणाम होतो? बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड सरकारने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. एकेक खंड म्हणजे भलीमोठी फाइल. ती या दारातून आत येत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी, गावोगावच्या भीमगीतांचे मुजरे, वस्तीवरच्या अत्याचाराचे मोबाइलवर घेतलेले चित्रण, हे सारे व्हिडिओ, म्हणून बाहेर. राउंड टेबल इंडिया, दलित कॅमेरा यांसारखी चार-दोन माणसांनी पदरमोड करून चालवलेली माध्यमे कोणा परक्या कंपनीच्या नियमावलीप्रमाणे आपले घर पुन्हा बांधायला कोठून मनुष्यबळ आणणार? दारावर जातीची पाटी नव्हती. तरी आत कोण येणार आणि कोण नाही, हे ठरून जात होते.

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने वेगवेगळ्या दरांविषयी नवा मसुदा काढला आणि रिलायन्सला ही योजना तूर्त थांबवण्यास सांगितले. मग जे झाले ते अनेकांना आठवत असेल. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, शहरांतून मोठमोठे फलक, आणि फेसबुक उघडले की ‘फ्री बेसिक्स वाचवा’ असा तयार मजकूर. बटण दाबले की तुमच्या नावाने ट्रायला पत्र रवाना. २८ डिसेंबरला मार्क झुकेरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहून या योजनेची तुलना सार्वजनिक ग्रंथालयाशी आणि सार्वजनिक रुग्णालयाशी केली. ग्रंथालयाची उपमा वाचून आम्ही थबकलो होतो. ज्यांच्या नेत्याने राजगृह पुस्तकांसाठी बांधले, त्यांना ग्रंथालय म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. सार्वजनिक ग्रंथालय लोकांच्या करातून चालते, आणि तिथल्या ग्रंथपालाला एखाद्या प्रकाशकाची पुस्तके खपवून नफा होत नसतो. झुकेरबर्ग यांच्या ग्रंथालयात ग्रंथपालच सर्वांत मोठा प्रकाशक होता.

तरीही दुसऱ्या बाजूचा एक प्रश्न खरा होता आणि तो टाळून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला थोडेसे मिळत असेल तर तुम्ही, ज्यांच्याकडे सर्व आहे, ते कोण अडवणारे? विरोध करणाऱ्यांत निखिल पाहवांसारखे पत्रकार, वकील आणि आमच्यासारखे संगणकवाले होते. बहुतेक शहरी, इंग्रजीत लिहिणारे. आम्हीही तयार इंग्रजी मसुद्यावर नाव घालून ई-मेल पाठवला होता. दोन्ही बाजू गरिबाच्या नावाने बोलत होत्या आणि गरीब कोठेच बोलत नव्हता. आपल्या चळवळीतील संघटनांनी तेव्हा या प्रश्नाकडे जवळजवळ पाहिलेच नाही, असे आमचे मत आहे. शिष्यवृत्ती, आरक्षण, अत्याचार यांच्या धबडग्यात तारांचा आणि लहरींचा प्रश्न आपला वाटला नाही. ही चूक होती, आणि ती आमच्या पिढीच्या तंत्रज्ञांची अधिक होती. समाजाला समजेल अशा भाषेत सांगणे हे आमचे काम होते.

याच आठवड्यांच्या मध्यभागी, १७ जानेवारी २०१६ रोजी, हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला यांचा मृत्यू झाला. त्यांचे अखेरचे पत्र त्या रात्रीपासून फोनाफोनांवरून फिरू लागले. कुवेतमधल्या खोल्यांतही ते पोहोचले, आणि कित्येकांना ते मिळाले ते फेसबुकवरच. ही गोष्ट अडचणीची आहे, पण सांगितलीच पाहिजे. ज्या कंपनीच्या दरवाजाविरुद्ध आम्ही ई-मेल पाठवत होतो, तिच्याच अंगणात आपला समाज त्या आठवड्यात एकत्र येऊन रडला आणि संतापला. मोठ्या वृत्तवाहिन्या मागाहून आल्या. त्या रात्री पत्र वाचल्यावर आम्ही आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनविषयी शोधले, विद्यार्थ्यांच्या निलंबनाविषयीचे आधीचे लेख लहान लहान संकेतस्थळांवर शोधून वाचले. फेसबुकवरून बाहेर पडून ती पाने उघडता आली, म्हणून घटनेच्या मागचे महिने समजले. दार फक्त फेसबुकपुरते उघडे असते, तर पत्र कळले असते. त्यामागची हकीकत कळली नसती.

तीन आठवड्यांनी, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, आर. एस. शर्मा अध्यक्ष असलेल्या ट्रायने निर्णय दिला. आत काय आहे हे पाहून डेटाचे दर वेगळे लावता येणार नाहीत. मोडणाऱ्याला रोज ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. आणीबाणीच्या सेवांसाठी सवलत ठेवली. कारणे देताना प्राधिकरणाने म्हटले ते थोडक्यात असे : ज्या देशातील बहुसंख्य लोक अजून इंटरनेटवर यायचेच आहेत, तेथे कंपन्यांना आशयानुसार दर ठरवू दिले तर त्या नवागतांचा इंटरनेटचा अनुभवच कंपन्या घडवतील. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचा हा विचार आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्यांदा येणारे म्हणजे मुख्यतः आपलेच लोक होते. ११ फेब्रुवारीस फेसबुकने भारतातून योजना मागे घेतल्याचे सांगितले. त्याआधी एक दिवस कंपनीच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी वसाहतवादविरोधामुळे भारताचे नुकसान झाले अशा अर्थाचे ट्विट करून वादळ ओढवून घेतले आणि मग माफी मागितली. २०१८ साली दूरसंचार विभागाने इंटरनेट समानतेची तत्त्वे परवान्यांच्या अटींत घातली.

या निर्णयाने गरिबाला इंटरनेट मिळाले का? नाही. ते मिळाले, तेवढे, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर दर कोसळल्यामुळे. पण दर कोसळले तेव्हा लोकांच्या हाती आले ते अख्खे इंटरनेट, हे त्या निर्णयाचे फळ. ट्रायने डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा, कोणत्याही संकेतस्थळासाठी, सरकारी निधीतून द्यावा अशी शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. आणि ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जाळ्यावर फ्री बेसिक्स उभे होते, तिची मोबाइल सेवा २०१७ अखेर बंदच पडली. फुकटचे दार तरी कितीसे टिकले असते?

जेथे ते दार उघडले गेले, तेथे काय झाले, हेही पाहिले पाहिजे, आणि बौद्ध म्हणून आपल्याला ते पाहणे जड जाईल. म्यानमारमध्ये २०१४ साली ओरेडू (कुवेतमध्ये आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये जिचे सिम आहे तीच) आणि टेलेनॉर या कंपन्या आल्या आणि सिमकार्डाची किंमत शेकडो डॉलरांवरून दीड डॉलरवर आली. जून २०१६ मध्ये तेथील सरकारी टेलिकॉमबरोबर फ्री बेसिक्स सुरू झाले. लाखो लोकांसाठी इंटरनेट म्हणजे फेसबुक असे समीकरण त्याआधीच बनले होते. या योजनेने ते पक्के केले. त्याच अंगणात रोहिंग्या मुसलमानांविरुद्धचा द्वेष पसरवला गेला, आणि पसरवणाऱ्यांत विराथूंसारखे चीवरधारी होते. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. संयुक्त राष्ट्रांच्या तथ्यशोधन पथकाने २०१८ साली फेसबुकच्या भूमिकेवर कठोर ठपका ठेवला आणि आपण पुरेसे केले नाही हे कंपनीनेही मान्य केले. फ्री बेसिक्समुळे हत्याकांड झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. द्वेष जुना होता आणि शस्त्रे सैन्याची होती. पण खोटी बातमी वाचल्यावर दुसरीकडे जाऊन पडताळणी करायची तर पैसे मोजावे लागतात आणि खोटी बातमी मात्र फुकट, अशी रचना असलेल्या देशात सम्यक दृष्टी यावी कोठून? करुणेच्या धम्माचे नाव घेऊन तेथे जे झाले, त्याविषयी आपल्या विहारांतून पुरेसे बोलले गेले नाही, हेही येथेच नोंदवतो.

आणि आपले आखात? कुवेतचा आणि भारताचा टपालसंबंध जुना आहे. १९१५ साली येथे भारतीय टपाल खात्याचे कार्यालय उघडले आणि १९२३ पासून भारताच्याच तिकिटांवर ‘कुवेत’ असे छापून ती येथे वापरली जात. रुपया तर १९६१ पर्यंत चालत होता. त्या तिकिटाने नेलेले पत्र कोणाचे आहे हे टपाल विचारीत नसे. १९८० च्या दशकात आलेले आपल्यातले ज्येष्ठ सांगतात की पत्राबरोबर आवाज भरलेल्या कॅसेटी जात; गावाकडे निघालेल्या माणसाच्या पिशवीत चार-पाच घरांच्या कॅसेटी असत. २ ऑगस्ट १९९० नंतर फोन बंद झाले आणि महिनोन् महिने कोण जिवंत आहे हे कळेना, ही आठवण काढताना त्यांचा आवाज आजही बदलतो. अशा माणसांना तार तुटणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

आखातातील देशांनी इंटरनेटवरच्या फोनाबाबत निरनिराळे मार्ग घेतले. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन लागत नाही. परवाना असलेलेच अ‍ॅप वापरावे लागते. दुबईतल्या आपल्या बांधवांना हे रोजचे आहे. सौदी अरबस्तानने सप्टेंबर २०१७ मध्ये अशा फोनांवरची बंदी उठवली. कुवेतमध्ये आपण शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर आई-वडिलांशी बोलतो. येथे २०१४ च्या कायद्याने दूरसंचार नियामक संस्था स्थापन झाली आहे, पण आपण येथे कामासाठी आलेले लोक. दर आणि नियम ठरताना आपले मत कोणी मागावे अशी अपेक्षा नाही. अमेरिकेतल्या नागरिकांनाही या बाबतीत स्थैर्य लाभलेले नाही, हा थोडा विरंगुळा : २०१५ चा नियम २०१७ मध्ये रद्द, २०२४ मध्ये पुन्हा मंजूर, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाकडून पुन्हा रद्द. भारतातही मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या वापराबद्दल टेलिकॉम कंपन्यांना वाटा द्यावा, ही मागणी पुन्हा डोके वर काढते आहे. गाडीवानाचा जुनाच मुद्दा, फक्त बैलांची संख्या वाढली आहे.

२०२० च्या एप्रिलात महबूला आणि जलीब या दोन वस्त्यांना टाळेबंदीचा वेढा पडला, तेव्हा आपल्यातले कित्येक बांधव एकेका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण अडकले होते. मार्चअखेरपासून महिनाभर टेलिकॉम कंपन्यांनी रोज ५ जीबी इंटरनेट विनामूल्य दिले होते. कोणते अ‍ॅप, कोणते संकेतस्थळ, अशी काही अट नव्हती. त्या वर्षीची जयंती आपण त्याच डेटावर साजरी केली. महबूलातल्या एका खोलीतून एका वेल्डर बांधवाने बुद्धवंदना म्हटली आणि ती अमरावती जिल्ह्यातल्या त्याच्या घरी, नागपूरला आणि सालमियाला एकाच वेळी ऐकू गेली. फुकट देण्याला आमचा कधीच विरोध नव्हता. फुकट असे देता येते.

महिना संपला. त्या बांधवाने पुन्हा आपले नेहमीचे स्वस्त पॅकेज घेतले : दोन-तीन अ‍ॅप हवी तेवढी, बाकीचा डेटा अगदी थोडा आणि तो पंधरवड्यातच संपणारा. पुढे मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशाची यादी लागली. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला. दुवा आला, पण यादी उघडेना. ‘‘नेट तर चालू आहे, मग हे का उघडत नाही?’’ म्हणून त्याने रात्री आम्हांला फोन केला. फोन व्हॉट्सअ‍ॅपवरूनच होता आणि अगदी स्पष्ट ऐकू येत होता. मुलीचे नाव यादीत होते, हे त्याने दुसऱ्या दिवशी साइटवरच्या एका सहकाऱ्याच्या फोनवर स्वतः वाचले.